जात सोबत येते, दाखला येत नाही

दहावीनंतर काय, हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत निकालाच्या दिवशी निघतो. तोवर पेढे वाटून झालेले असतात, शेजारचा कुणीतरी 'सायन्स घे' म्हणून सांगून गेलेला असतो आणि अकरावीचा फॉर्म भरायला चार दिवस उरलेले असतात. ज्या घरांत आजोबाच पदवीधर आहेत, तिथे हा प्रश्न आठवीतच निकाली निघालेला असतो. कोणती परीक्षा द्यायची, त्यासाठी कोणते विषय ठेवायचे, कोणता कागद कधी काढायचा, हे तिथे कुणी वेगळे बसून शिकवत नाही. जेवताना बोलले जाते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. गुणपत्रिकेवर ते दिसत नाही, पण ती गुणपत्रिका कोणत्या दारापर्यंत पोहोचणार हे बऱ्याचदा तेच ठरवते.

पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना हे नवीन सांगण्याची गरज नाही. आपण सगळे त्यातूनच आलो आहोत. मला बोलायचे आहे ते पुढच्या मुलांबद्दल, आणि विशेषतः त्या मुलांबद्दल ज्यांचे आईवडील पोटासाठी राज्याची सीमा ओलांडून गेले आहेत.

मी सध्या बंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात राहते. एका बाजूला फेसाळणारे, कधी पेट घेणारे ते तळे, दुसऱ्या बाजूला आउटर रिंग रोड आणि त्याला लागून इकोस्पेस, इकोवर्ल्डसारखी आयटी पार्क. या भागात मराठी दोन प्रकारच्या लोकांकडून ऐकू येते. एक, नांदेड, लातूर, सोलापूर, नागपूरकडून आलेले इंजिनिअर, जे आधी पीजीत राहतात, लग्न झाले की भाड्याचा टू बीएचके घेतात. दुसरे, याच इमारतींत सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हिंग आणि बांधकामावर असलेले लोक. त्यांतले काही महाराष्ट्रातले, काही कर्नाटकातल्याच बिदर जिल्ह्यातले, औराद-भालकीकडचे, घरात मराठी बोलणारे. दोघांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो असू शकतो. दोघांचीही मुले इथल्या शाळेत जातात. आणि त्यांतल्या महाराष्ट्रातून आलेल्या दोघांच्याही मुलांपुढे, कॉलेजच्या वेळी, एकच भिंत उभी राहते. ती भिंत कुठे आहे हे बहुतेकांना बारावीत कळते. तेव्हा उशीर झालेला असतो.

भिंत अशी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक ठरते. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश राज्यवार आहे. जात यादीत असणे पुरेसे नाही, ती 'त्या राज्याच्या संदर्भात' यादीत असावी लागते, आणि आपले कुटुंब मूळ त्या राज्याचे असावे लागते. महार आणि मांग-मातंग या जाती महाराष्ट्राच्या यादीत आहेत, तशा कर्नाटकाच्या यादीतही आहेत. तरीही लातूरहून आलेल्या महार किंवा मातंग कुटुंबाला कर्नाटकाच्या राज्य कोट्यात अनुसूचित जातीची जागा मिळत नाही.

हा निकाल ज्या प्रकरणात लागला ते मुंबईतले आहे. आंध्र प्रदेशातल्या एका अनुसूचित जमातीचा मुलगा, वडील मुंबईत केंद्र सरकारच्या खतनिर्मिती उपक्रमात नोकरीला, त्यामुळे लहानपणीच मुंबईत आलेला. त्याने परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले की आंध्रातली जमात महाराष्ट्रात जमात म्हणून धरता येणार नाही. पुढे १९९४ मध्ये आणि २०१८ मध्ये बीरसिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच तत्त्व पुन्हा मांडले.

याचा अर्थ बेळ्ळंदूरमध्ये काय होतो ते पाहा. पहिलीपासून बंगळुरूत शिकलेली मुलगी कर्नाटकाच्या सीईटीसाठी कर्नाटकाचीच विद्यार्थिनी असते. सात वर्षे इथे शिकलेली, दहावी किंवा पीयूसी इथूनच, अट पूर्ण. पण फॉर्ममध्ये जातीच्या रकान्यात नाडकचेरीतून मिळालेल्या दाखल्याचा आरडी नंबर भरावा लागतो. तो तिच्याकडे नाही. मग ती 'जनरल मेरिट'. आता ती महाराष्ट्राकडे वळली, तर तिथे जातीचा दाखला चालतो, पण वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. अभियांत्रिकीला आईवडिलांच्या अधिवासाच्या आधारे एक वाट राहते, वैद्यकीयला ती जवळजवळ बंद. एका राज्यात ती रहिवासी आहे पण अनुसूचित जातीची नाही. दुसऱ्या राज्यात ती अनुसूचित जातीची आहे पण विद्यार्थिनी नाही. घरमालकाने आडनाव विचारताना मात्र जात बरोबर ओळखलेली असते. त्याला आरडी नंबर लागत नाही.

बंजारा समाजाचे उदाहरण घ्या. बंजारा कर्नाटकात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, तेलंगणात अनुसूचित जमातींच्या, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या. एकाच बांधकामावर कलबुर्गी, आदिलाबाद आणि नांदेडहून आलेली तीन कुटुंबे शेजारी पत्र्याच्या खोल्यांत राहत असतील, एकच बोली बोलत असतील, तरी त्यांच्या मुलांचे कॉलेजचे रस्ते तीन वेगळे आहेत. नांदेडच्या मुलाला केंद्राच्या प्रवेशासाठी 'विमुक्त जाती' असे लिहिलेला राज्याचा दाखला चालत नाही. त्याला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमी लेयर दाखला काढावा लागतो, आणि तोही चालू आर्थिक वर्षाचा, म्हणजे १ एप्रिलनंतरचा.

या नियमाला सरसकट अन्याय म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की जातीचे मागासपण त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीतून येते आणि स्थानिक वंचितांचा वाटा बाहेरून आलेल्यांनी घेऊ नये. कर्नाटकातल्या मादिग, होलेय मुलांच्या जागेवर, तुलनेने आधी शिकलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबाने हक्क सांगावा, असे मला म्हणवत नाही. आयटी पार्कातल्या इंजिनिअरच्या मुलासाठी तर नाहीच. पण मग दुसरा प्रश्न उरतो. आपल्याच मूळ राज्याने या मुलांना का टाकावे? सरकारी नोकरीत बदलीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी प्रवेशाच्या नियमांत सवलती आहेत. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद केली आहे. मग मजुरीसाठी बाहेर गेलेल्या अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्यांच्या मुलांना दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच करण्याच्या अटीतून सूट का नसावी? यात कर्नाटकातल्या कुणाचीही एक जागा कमी होत नाही. ही मागणी आपण महाराष्ट्राकडे करायला हवी, आणि ती कुणी केल्याचे फारसे ऐकू येत नाही, कारण बाहेर गेलेला मजूर कुणाच्याच मतदारसंघात नसतो.

मागणी मान्य होईपर्यंत मुले थांबणार नाहीत. म्हणून नियोजन. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत नियोजन म्हणजे 'तुझी आवड काय' या प्रश्नाच्या आधी येणारे एक काम आहे: कोणत्या राज्यात आणि कोणत्या कागदावर आपण उभे राहणार, हे नववी संपायच्या आत ठरवणे.

आठवीत नावे जुळवून घ्यावीत. शाळेचे रजिस्टर, आधार, वडिलांचा दाखला, या तिन्हींत नाव आणि आडनाव एकसारखे आहे का ते पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर छापले गेले की दुरुस्ती जिवावर येते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर याच वर्षी एनएमएमएसची परीक्षा असते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातले मूल ती उत्तीर्ण होऊन निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

नववीच्या सुट्टीत गाव गाठावे. महाराष्ट्राचा जातीचा दाखला काढायला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा मागतात. शिकलेल्या आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा असतो. आपले आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. मग तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते, जन्म-मृत्यूची ती मोडीत किंवा पुसट शाईत लिहिलेली नोंद. ज्यांना शाळेत येऊ दिले नाही त्यांच्याकडेच शाळेचा पुरावा मागायचा, हा या व्यवस्थेचा क्रूर विनोद आहे. पण तो पुरावा शोधायला लागणारे आठ दिवस नववीच्या मे महिन्यात मिळतात, बारावीच्या मे महिन्यात मिळत नाहीत. बौद्ध कुटुंबांनी आणखी एक पाहावे: केंद्राच्या यादीत जातीचे नाव आहे, 'बौद्ध' नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना हक्क मिळाला, तरी केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जात लिहिलेली असावी लागते.

दहावीत राज्याचा निर्णय घ्यावा. मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर तिला दहावीलाच काकांकडे किंवा वसतिगृहात पाठवायचे की इथेच ठेवून अखिल भारतीय १५ टक्के कोट्याची आणि इथल्या खुल्या जागांची तयारी करायची, हे घराने बसून ठरवावे. दोन्हींची किंमत आहे. एकात मूल दूर जाते, दुसऱ्यात दार अरुंद होते. पण निवड आपली असावी, नकळत झालेली नसावी. ज्या केंद्रीय प्रवेशांत मूळ राज्याचा दाखला चालतो, ते ओळखून ठेवावेत: जेईईतून आयआयटी-एनआयटी, सीयूईटीतून केंद्रीय विद्यापीठे, क्लॅटमधून विधी विद्यापीठे. तिथेही गुंता आहेच. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी केलेल्यांना असतात. म्हणजे जिचा दाखला नागपूरचा पण बारावी बंगळुरूची, तिला सुरतकल हे गृहराज्य आणि नागपूरची व्हीएनआयटी परराज्य. हे कळले तर तिचा फायदा होतो, न कळले तर पर्यायांची यादी उलटी भरली जाते.

विषय निवडतानाही हीच नजर हवी. कला शाखेत जाणाऱ्या मुलांना गणित सोडायला सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचे गणित लागते. सोडलेला एक विषय म्हणजे न दिसता बंद झालेले एक दार. उलट, जे ओझे वाटते ते कधी आधार ठरते. पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलांसाठी कर्नाटकात ५ टक्के जागा आहेत. बिदर-कलबुर्गीच्या कुटुंबांकडे तर कर्नाटकाचा जातीचा दाखला असतोच, शिवाय अनुच्छेद ३७१ (जे) खालचा कल्याण कर्नाटकाचा हक्कही असतो. बंगळुरूत राहतो म्हणून तो गेला, असे समजून तो दाखला न काढणारे या भागात भेटतात. पात्रता आधी तपासा, सोडून द्यायचे ते नंतर ठरवा.

अकरावी-बारावीत दोन कामे: महाराष्ट्रातून प्रवेश घेणार असाल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज, आणि पैशांची तजवीज. व्हॅलिडिटीसाठी अकरावीतच अर्ज टाकावा. आणि इथे तुमचा, म्हणजे वाचकाचा, थेट संबंध येतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर पुढच्याचे काम खूप सोपे होते. घरातला पहिला पदवीधर म्हणून तुम्ही जो कागद काढला, तो तुमच्या पुतण्या-भाच्यांपैकी पुतण्यांच्या तरी उपयोगाचा आहे. सवर्ण घरांत काका जमीन ठेवून जातात. आपल्याकडे काकांची व्हॅलिडिटी ही मालमत्ता आहे. तिची प्रत फाइलमध्ये बंद ठेवू नका.

पैशांचे म्हणाल तर २०२४ चे प्रकरण विसरता येणार नाही. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित रोजंदार मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये ठरलेल्या दिवशी पाच वाजेपर्यंत भरायचे होते. पैसे गोळा होईपर्यंत वेळ संपली, जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. आपण सगळ्यांनी ती बातमी आनंदाने एकमेकांना पाठवली. पण विचार करा, तिथपर्यंत न पोहोचलेले किती असतील? आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर निवडक संस्थांसाठी केंद्राची टॉप क्लास योजना आहे, तिची मर्यादा आठ लाख. योजना आहेत. त्या सगळ्या प्रवेशानंतर सुरू होतात. प्रवेशाच्या दुपारी लागणारे सतरा हजार कुणाच्या खात्यात आहेत, हा प्रश्न योजनेचा नाही, नात्यागोत्याचा आहे. आणि आपल्या नात्यागोत्यात आज पहिल्यांदाच पगार येणारी माणसे आहेत.

ही माणसे म्हणजे आपण. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले की वरच्यांना शिकवले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, ही समजूत खोटी आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगे उघडली, त्यात १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंगही होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. नुसती शिष्यवृत्ती देऊन भागले असते तर या लोकांनी इमारती कशाला उभ्या केल्या? बोर्डिंगात जेवण-राहणे मिळायचेच, पण तिथे वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्याला सांगायचा: हा फॉर्म असा भर, त्या साहेबांना या वेळी भेट. जे सवर्ण घरात जेवणाच्या पाटावर मिळत होते, ते आपल्याकडे बोर्डिंगाच्या पंगतीत मिळाले.

बेळ्ळंदूरमध्ये बोर्डिंग नाही. स्थलांतराने माणसे विखुरली आहेत, आणि कागदही. जानेवारी २०२० मध्ये इथून जवळच करियम्मना अग्रहारात 'बांगलादेशी' ठरवून स्थलांतरितांची पत्र्याची घरे पाडली गेली. त्यांत उत्तर कर्नाटकातून आलेले लोकही होते, आधार आणि मतदार कार्ड हातात असलेले. उच्च न्यायालयाने पाडकाम थांबवले. पण मुलांचे दाखले पत्र्याच्या पेटीत ठेवणाऱ्या वस्तीला हे पुन्हा होऊ शकते याची भीती असते. आपल्यापैकी कुणी एका रविवारी जाऊन त्या पेटीतल्या कागदांचे स्कॅन करून दिले, डिजिलॉकर उघडून दिले, तर ते कोणत्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा जास्त कामाचे आहे.

मी प्रत्येकाला संस्था काढायला सांगत नाही. संस्था काढून अध्यक्ष होण्याची हौस आपल्याकडे कमी नाही. मी एवढेच म्हणते की आयटी पार्कातल्या प्रत्येक आंबेडकरी इंजिनिअरने, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या इमारतीत काम करणाऱ्या ताईंना, गेटवरच्या दादांना एक प्रश्न विचारावा: तुमचे मूल कितवीत आहे, आणि दाखला कोणत्या राज्याचा? जातीचा प्रश्न विचारायचा संकोच वाटेल. साहजिक आहे, या शहरात तो आपल्याला नेहमी वाईट हेतूनेच विचारला गेला आहे. म्हणून आधी स्वतःची ओळख द्यावी, जयभीम म्हणावे, मग विचारावे. आठवी-नववीचे मूल असेल तर चार वर्षे त्या घराशी संबंध ठेवावा. दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कारण नियम बदलतात आणि गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जागा जातात. आणि बारावीच्या जूनमध्ये जागा पक्की करण्याची रक्कम खात्यात वेगळी ठेवावी.

आणि इंजिनिअर मित्रांनो, हा प्रश्न गेटवरच्या दादांचाच आहे असे समजू नका. तुमचे मूल आज बेळ्ळंदूरच्या नर्सरीत आहे. तुमचा दाखला नांदेडचा आहे, तिची दहावी बंगळुरूची होणार आहे. तिच्या वेळी काय करायचे, हे ठरवायला तुमच्याकडे बारा वर्षे आहेत. गेटवरच्या दादांच्या मुलीकडे एक मे महिना आहे. सुरुवात तिच्यापासून करू या.

जयभीम.